पेट्रोलसाठी क्रेडिट कार्ड निवडताना

पेट्रोलसाठी वापरली जाणारी क्रेडिट कार्डे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात बँक आणि तेल कंपनी मिळून कार्ड काढतात आणि त्याचा खरा फायदा त्याच कंपनीच्या पंपावर मिळतो. दुसरा प्रकार साध्या कॅशबॅक कार्डांचा. यांतली बरीचशी कार्डे इतर खरेदीवर पैसे परत देतात, पण पेट्रोलचा खर्च त्यातून वगळतात. त्यामुळे किराणा आणि विजेच्या बिलावर चांगले ठरलेले कार्ड पंपावर निरुपयोगी ठरल्याचा अनुभव अनेकांना येतो. वगळलेल्या खर्चांची यादी अटींमध्ये शेवटी असते. वाचायला मात्र तिथूनच सुरुवात करावी.

नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी कार्डाने पैसे भरणाऱ्यांना ०.७५ टक्के सूट द्यायला सुरुवात केली. क्रेडिट कार्डांपुरती ती १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. आता जी सवलत मिळते ती त्या त्या कार्डाच्या अटींनुसार.

कार्डाने पेट्रोल भरले की बिलात साधारण १ टक्का सरचार्ज लागतो आणि त्या सरचार्जवर १८ टक्के जीएसटी. हजार रुपयांच्या पेट्रोलवर १० रुपये सरचार्ज आणि १ रुपया ८० पैसे कर असा हा हिशेब. ‘सरचार्ज माफ’ असे लिहिलेले असते तेव्हा १० रुपये नंतर परत जमा होतात, कराचे पैसे सहसा परत येत नाहीत. माफीलाही अटी असतात. व्यवहार साधारण ४०० ते ५,००० रुपयांच्या दरम्यानचा असावा लागतो आणि महिन्याला किती माफी मिळेल याची मर्यादा ठरलेली असते. दुचाकीत दोनशेचे पेट्रोल भरणाऱ्याला ही माफी बहुधा मिळतच नाही. काही कार्डांना पंपावरचे यंत्रही त्याच बँकेचे असावे लागते.

जाहिरातीतल्या टक्क्याची फोड करून पाहावी. भारत पेट्रोलियम आणि एसबीआय कार्ड यांच्या संयुक्त कार्डावर ४.२५ टक्के लाभ सांगितला जातो. त्यातले ३.२५ टक्के पॉइंटच्या रूपात असतात आणि उरलेला १ टक्का म्हणजे सरचार्जची माफी. हा १ टक्का मुळात कार्ड वापरल्यामुळेच लागलेला असतो, त्यामुळे रोख देणाऱ्याच्या तुलनेत खरी बचत फार तर ३.२५ टक्क्यांची.

टक्क्यापेक्षा मासिक मर्यादा जास्त महत्त्वाची. पेट्रोलवर ५ टक्के परत, पण महिन्याला जास्तीत जास्त १५० रुपये, अशी अट असेल तर ३,००० रुपयांच्या पेट्रोलनंतर लाभ थांबतो. महिन्याला ८,००० रुपयांचे पेट्रोल लागणाऱ्या मोटारवाल्याला प्रत्यक्षात दोन टक्केही मिळत नाहीत. त्याला कमी टक्क्याचे, पण मर्यादा मोठी असलेले कार्ड परवडते. उलट स्कूटरवर महिन्याला २,००० रुपये खर्च करणाऱ्याला ४ टक्क्यांनी वर्षाला ९६० रुपये मिळतात. वार्षिक शुल्क ५०० रुपये असेल तर करासह ५९० जातात आणि हाती ३७० रुपये उरतात. ठरावीक खर्च केल्यास शुल्क माफ होते, मात्र त्या खर्चात पेट्रोल धरतात की नाही हे आधी विचारून घ्यावे.

कॅशबॅक पुढच्या बिलात वजा होतो, त्यामुळे त्याचा हिशेब सरळ असतो. पॉइंटचे तसे नाही. एका पॉइंटची किंमत कार्डागणिक बदलते, बऱ्याचदा ती २५ पैसेच असते. पॉइंट पेट्रोलवर वापरले तर एक भाव आणि वस्तूंच्या यादीतून काही घेतले तर दुसरा, असाही प्रकार असतो. पॉइंटना मुदत असते आणि ते वापरताना काही बँका शुल्कही घेतात.

घराजवळ किंवा कामाच्या वाटेवर कोणत्या कंपनीचा पंप आहे, हे कार्ड घेण्याआधी पाहावे. सवलतीसाठी चार किलोमीटर वाकडी वाट केली तर वाचलेले पैसे टाकीतूनच जातात. सीएनजीवर लाभ मिळतो का, हेही वेगळे विचारावे.

सगळ्यात मोठे नुकसान बिल थकल्याने होते. थकबाकीवरचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसहून अधिक टक्के असते. १५,००० रुपये महिनाभर राहिले तर व्याज आणि जीएसटी मिळून सहाशेच्या वर जातात. वरच्या स्कूटरवाल्याची वर्षाची बचत त्यात संपूनही पदरचे जातात. फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरल्याने दंड टळतो, पण व्याज चालूच राहते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. त्यामुळे पूर्ण बिल आपोआप खात्यातून जाईल अशी व्यवस्था पहिल्याच महिन्यात करावी. दर महिन्याला पूर्ण बिल भरणे जमणार नसेल तर पेट्रोलसाठी कार्ड घेऊच नये.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार व्याज आणि शुल्क सांगणारे एक पानी माहितीपत्रक अर्जासोबत द्यावे लागते. शुल्क बदलायचे तर किमान महिनाभर आधी कळवावे लागते आणि तो बदल पटला नाही तर ग्राहकाला जादा आकार न देता कार्ड परत करता येते. थकबाकी नसेल तर अर्ज आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँकेला दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बंद करण्याआधी साठलेले पॉइंट वापरून टाकावेत आणि कार्ड बंद झाल्याचा लेखी निरोप जपून ठेवावा.