कारवानी कुत्रा : ओळख आणि निगा

लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांत शेतवस्तीवर उंच, लांबट तोंडाचा आणि पोट आत ओढलेला कुत्रा पुष्कळदा दृष्टीस पडतो. बाहेरगावचा पाहुणा त्यास उपाशी समजतो व धन्याला दोष देतो. ही समजूत बरोबर नव्हे. शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसटशा दिसणे हे या जातीत निरोगीपणाचेच लक्षण होय.

कारवान म्हणजे तांडा. मध्य व पश्चिम आशियातून येणाऱ्या तांड्यांबरोबर या कुत्र्याचे पूर्वज दख्खनमध्ये आले, असे मानले जाते. आखूड केसांच्या कुत्र्यास आपल्याकडे कारवानी, तर कान, पाय व शेपटीवर रेशमी केस असणाऱ्यास पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव त्यांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जातीच्या जोपासनेकडे लक्ष पुरविले. मुधोळ आज कर्नाटकात असून तेथे हीच जात मुधोळ हाउंड या नावाने प्रसिद्धीस आली. २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले.

हा कुत्रा वासावर नव्हे, नजरेवर धावतो. दूरवरची किंचितशी हालचालही तो टिपतो. भरधाव धावताना प्रत्येक झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात. एकदा पोटाखाली गोळा झाल्यावर आणि एकदा पूर्ण ताणल्यावर. खोल छाती, लवचीक पाठ, बारीक कंबर व लांब पाय ही सारी ठेवण या धावण्यासाठीच आहे. स्वभावाने तो अबोल. परक्याने अंगावर हात फिरविलेला त्यास खपत नाही आणि मारझोडीने तर तो कायमचा बिथरतो.

मात्र ज्या कामासाठी ही जात घडली, ते काम आता राहिलेले नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये सशावर किंवा काळविटावर कुत्रा सोडणे हा गुन्हा आहे. हे योग्यच झाले. पण शिकार सुटली आणि पुष्कळांच्या दारी हा कुत्रा दिवसभर साखळीला आला. सतत बांधलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हेही प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार क्रूरतेतच मोडते, याची गावोगावी फारशी जाणीव दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ त्यास फिरवावे आणि कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत मनसोक्त धावू द्यावे. रस्त्याकडेला मोकळे सोडू नये. काही पळताना दिसले की हाक त्याच्या कानी पडत नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून जेवणाआधी व नंतर तासभर तरी पळवू नये.

भाकरी-ताकावर तो जगतो खरा. परंतु वाढत्या पिलास व व्यालेल्या कुत्रीस अंडी, मांस यांची जोड हवीच. शिजविलेली हाडे देऊ नयेत; त्यांच्या कपच्या आतड्यास इजा करतात. अंगावर चरबी व केस कमी असल्याने थंडीत कोरडे अंथरूण लागते. कातडी पातळ असल्याने तारेच्या कुंपणाने ती सहज फाटते. अशी जखम शिवताना भूल द्यावी लागल्यास कुत्रा या जातीचा आहे, हे पशुवैद्यकास आवर्जून सांगावे. भुलीची काही औषधे अशा सडपातळ कुत्र्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात.

अलीकडे शर्यतींच्या हौसेपायी ग्रेहाउंडशी संकर करण्याचे प्रकार वाढले आहेत. त्यातून वेग वाढत असेलही, पण उन्हातान्हात तग धरणारे मूळ रक्त पातळ होते. शिवाय जोडीतील नर व मादी एकाच आई-बापाची नसावीत, हा साधा नियमही पाळला जात नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असून, दोन महिन्यांच्या आतील पिलू विकता येत नाही. पिलास तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती नियमित द्यावी. ग्रामपंचायतींनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने लसीकरणाचा दिवस ठरविताना शेतवस्तीवरील कुत्री यादीतून सुटणार नाहीत, हे पाहावे.