सईस, कॅन्सस सिटीच्या पत्त्यावर

चि. सई,


‘आता जॅझ एके जॅझ, बाकी सगळं बंद’ हे तुझं वाक्य वाचून आधी हसू आलं, मग जरा काळजी वाटली. टीव्ही शेजाऱ्यांना देऊन टाकलास, कादंबऱ्या खोक्यात गेल्या, ऑफिसातली मंडळी रॉयल्सच्या बेसबॉल मॅचला निघाली तर तू ‘मला त्यातलं काही कळत नाही’ म्हणून घरी बसलीस. आणि वर माझ्याकडे ऐकायलाच हव्यात अशा शंभर रेकॉर्ड्सची यादी मागतेस. यादी मिळणार नाही. याद्या इंटरनेटवर ढिगाने पडल्या आहेत आणि यादीतल्या नावांवर खुणा करत बसणाऱ्या लोकांशी मला पाच मिनिटंही बोलवत नाही.

तू ज्याला देव्हाऱ्यात बसवायला निघाली आहेस, त्या लुई आर्मस्ट्राँगकडेच बघ. १९३१ साली तो आपल्या गावी, न्यू ऑर्लिन्सला परतला, तेव्हा तिथल्या पोरांच्या एका बेसबॉल संघाचा खर्च त्याने उचलला. नाव ‘आर्मस्ट्राँग्स सीक्रेट नाइन’. गणवेश पांढरेशुभ्र. ते मळतील म्हणून पोरं मातीत घसरायलाच तयार नव्हती आणि म्हणून हरली, असा किस्सा सांगतात. खरा असो नसो, मला आवडतो. क्वीन्समधल्या कोरोना भागात १९४३ पासून १९७१ साली मरेपर्यंत तो ज्या घरात राहिला, ते आता संग्रहालय आहे. इकडे आलीस की नेईन. त्याने भरून ठेवलेल्या शेकडो टेप आहेत. त्यांत स्वतःचं वाजवणं, दुसऱ्यांचं संगीत, मित्रांबरोबरच्या गप्पा, चावट विनोद, सगळं एकाला एक लागून. टेपच्या खोक्यांवर वर्तमानपत्रांतली कात्रणं आणि फोटो कापून, चिकटवून केलेली चित्रं. प्रवासात टाइपरायटर सोबत, कारण पत्रं लिहायची हौस दांडगी. हा माणूस दिवसभर फक्त जॅझ करत नव्हता गं.

आणि तू राहतेस कुठे, याचा तरी विचार कर. कॅन्सस सिटीत अठरावा रस्ता आणि व्हाइन स्ट्रीट मिळतात, त्या चौकात एकाच इमारतीत दोन संग्रहालयं आहेत: एक जॅझचं, दुसरं निग्रो लीग बेसबॉलचं, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचं. तू पहिल्यात जाऊन चार्ली पार्करचा सॅक्सोफोन बघितलास आणि दुसऱ्याच्या दारावरून परत आलीस, हे वाचून मी कपाळाला हात लावला. तो सॅक्सोफोन प्लास्टिकचा आहे, हे तू लिहिलंस ते बरोबर. ग्राफ्टन कंपनीचा, दुधी रंगाचा. तोच घेऊन पार्कर १९५३ साली टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये वाजवत होता. पण पलीकडच्या दालनात काय आहे ते ऐक. आत शिरताच समोर बेसबॉलचं मैदान दिसतं आणि त्यावर खेळाडूंचे पुरुषभर उंचीचे पुतळे. तुझ्या आणि मैदानाच्या मध्ये मात्र जाळी. काळ्या प्रेक्षकांना असंच अलग बसवत असत. सगळं संग्रहालय, म्हणजे सगळा इतिहास, पायाखाली घातल्यावरच शेवटी त्या मैदानात पाऊल ठेवता येतं. इतिहास कसा सांगावा, हे त्या जाळीकडून शिकण्यासारखं आहे.

त्या चौकापासून हाकेच्या अंतरावर पासेओ वायएमसीएची इमारत आहे. तिथे १३ फेब्रुवारी १९२० ला रूब फॉस्टरने इतर संघमालकांना बसवून निग्रो नॅशनल लीग उभी केली. त्याच वर्षी २९ ऑगस्टला नदीपलीकडच्या, कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीत चार्ली पार्कर जन्मला. कॅन्सस सिटी मोनार्क्स हा इथला संघ. १९३० मध्ये त्यांचा मालक विल्किन्सन ट्रकांवर दिव्यांचे खांब लादून गावोगाव रात्रीचे सामने भरवत होता. मेजर लीगमध्ये रात्रीचा पहिला सामना व्हायला १९३५ उजाडलं. गोऱ्यांच्या हॉटेलांत खोली मिळायची नाही, त्यामुळे खेळाडू आणि वाजवणारे एकाच हॉटेलात उतरत, एकाच खानावळीत जेवत. संध्याकाळी काउंट बेसीचा बँड ऐकायला बसलेला माणूस दुपारी पहिल्या बेसवर उभा असायचा. टॉम पेंडरगास्टच्या राजकीय टोळीने दारूबंदीतही इथले क्लब उघडे ठेवले, म्हणून रात्रभर वाजवायला जागा होती. १९३९ साली आयकर चुकवल्याबद्दल तो तुरुंगात गेला. या संगीताच्या वाढीत एका भ्रष्ट पुढाऱ्याचा वाटा आहे, हे तुला कुठल्याही रेकॉर्डवर ऐकू येणार नाही.

एक मात्र सांगते. ‘राज्यघटना, जॅझ आणि बेसबॉल या अमेरिकेच्या तीन देणग्या’ अशा अर्थाचं जेराल्ड अर्लीचं एक विधान केन बर्न्सच्या माहितीपटात आहे. ते फार गाजलं. ऐकलंस तर लगेच मान डोलावू नकोस. बेसबॉलमध्ये ‘इम्प्रोव्हायझेशन’ शोधणारे, ड्रमरमध्ये पिचर बघणारे लोक मला हल्ली सोसत नाहीत. दोन्हींचं नातं जुळलं ते एका गल्लीत, एका अपमानात आणि एका बसच्या प्रवासात. तेवढं पुरेसं आहे, त्याला वर मुलामा नको.

आता तुझ्या त्या झांजेच्या गोष्टीकडे येते. ‘जो जोन्सने पार्करच्या डोक्यावर झांज फेकून मारली आणि त्यातून पार्कर घडला, म्हणून मीही स्वतःला तसंच झोडपून घेणार’ असं तू लिहिलंस. हे तू २०१४ च्या ‘व्हिपलॅश’ सिनेमातून उचललंस. प्रसंग १९३६ चा, रीनो क्लबातला. त्या रात्रीची हकीकत जीन रेमी या बेसवादकाने पुढे सांगितली आहे. त्या काळी रेडिओवर हौशी कलाकारांचा कार्यक्रम असे आणि जमेना त्याला घंटा वाजवून उतरवत. ड्रमर जोन्स तशीच झांज टणटणवत राहिला. पोरगं थांबेना, तेव्हा त्याने झांज काढून त्याच्या पायाशी टाकली. लोक हसले. बोचरी थट्टा होती, खुनाचा प्रयत्न नव्हता. पुढचा उन्हाळा पार्करने ओझार्कच्या डोंगरांत एका बँडबरोबर काढला आणि लेस्टर यंगचे सोलो रेकॉर्डवरून घोटून घोटून बसवले. बाई, माणूस त्या उन्हाळ्याने घडला! पण उन्हाळाभर केलेल्या रियाजाचा सिनेमा निघत नाही. इतिहासाची आवड नसलेला शौकीन अशा दंतकथांना पहिला बळी पडतो, आणि त्यांच्या जोरावर स्वतःच्या पाठीवर कोरडे ओढतो, हे त्याहून वाईट.

पण सिनेमाने फसवलं म्हणून टीव्हीही ओवाळून टाकू नकोस. परत मागून घे. ८ डिसेंबर १९५७ ला, रविवारी, सीबीएसवर ‘द साउंड ऑफ जॅझ’ थेट प्रक्षेपित झाला. व्हिटनी बॅलिएट आणि नॅट हेन्टॉफ सल्लागार होते. त्यातलं बिली हॉलिडेचं ‘फाइन अँड मेलो’ शोध, सापडेल. बेन वेब्स्टर आहे, कोलमन हॉकिन्स आहे, मलिगन, रॉय एल्ड्रिज आहेत. लेस्टर यंगची तब्येत ढासळलेली. तो उठतो, एकच कोरस वाजवतो, मोजके सूर, आणि बसतो. कॅमेरा बिलीवर जातो. ती मान किंचित हलवत, ओठ दुमडून, हसू आणि त्याहून जुनं काहीतरी चेहऱ्यावर घेऊन ऐकत असते. ऐकायचं कसं, याचा याहून चांगला धडा माझ्या माहितीत नाही, आणि तो टीव्हीने दिला. दोघंही १९५९ मध्ये गेले, तो मार्चात, ती जुलैत.

केन बर्न्सचं ‘जॅझ’ही बघ, २००१ चं. पण हातचं राखून बघ. आर्मस्ट्राँग-एलिंग्टनवर तास न् तास, आणि १९६१ नंतरची चाळीस वर्षं शेवटच्या एका भागात कोंबलेली. त्याचं १९९४ चं ‘बेसबॉल’ मला जास्त भावतं, ते बक ओनीलमुळे. मोनार्क्सचा हा पहिल्या बेसवरचा खेळाडू तिथे ऐंशीच्या घरातला दिसतो आणि कडवटपणाचा लवलेश नसलेल्या आवाजात बोलतो. २००६ मध्ये निग्रो लीगच्या सतरा जणांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, त्यात याचं नाव नव्हतं. तरी त्या सतरा जणांच्या वतीने व्यासपीठावर जाऊन हाच बोलला आणि लोकांना गायला लावलं. ऑक्टोबरात वारला. त्याची निवड झाली २०२१ च्या डिसेंबरात. ‘आय वॉज राइट ऑन टाइम’ हे त्याचं आत्मकथन आहे. खोक्यातून पुस्तकं काढशील तेव्हा सगळ्यांत वर ते ठेव.

बाकी पुस्तकांत राल्फ एलिसन. तो टस्कीगीला ट्रम्पेट शिकायला गेला होता आणि लेखक होऊन बसला. ‘इन्व्हिजिबल मॅन’ वाचताना वाक्याच्या लांबीकडे लक्ष दे. जेफ डायरचं ‘बट ब्यूटिफुल’ सुरेख आहे, पण त्यातले प्रसंग त्याने कल्पनेने रंगवलेत. त्याच्यावरून कुणाशी वाद घालायला जाऊ नकोस. बॅलिएट आणि रॉजर एंजेल दोघंही ‘न्यू यॉर्कर’चे, एक जॅझवर लिही, दुसरा बेसबॉलवर. एकाआड एक वाच.

आणि पुढच्या वेळी ऑफिसवाल्यांबरोबर कॉफमन स्टेडियमला जा. स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घेऊन बस. प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, शॉर्टस्टॉप ६. चेंडू शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या आणि मग पहिल्या बेसवर जाऊन दोघे बाद झाले की लिहायचं ६-४-३. बॅट न फिरवता तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झाला तर उलटा ‘के’. चार सामने असं लिहिलंस की तीन तास एका जागी नजर ठेवायची सवय लागते. मग घरी येऊन तीच पेन्सिल बेसीच्या एखाद्या ब्लूजला लाव. बारा मात्रांचे गट नव्हे, बारा बार, प्रत्येकी चार ठोके. ते बारा बार, म्हणजे एक कोरस, जिथे संपला तिथे रेघ मार. पहिल्या दिवशी चुकशील, चुकू दे.

हो, आणि आजीला फोन कर. तिला जॅझ म्हटलं तर ती नाक मुरडेल. ‘अलबेला’ म्हण. १९५१ चा सिनेमा, भगवानदादांचा, संगीत सी. रामचंद्र. त्यांच्या हाताखाली गोव्याचा चिक चॉकलेट होता, ताजमहाल हॉटेलात बँड वाजवणारा, ज्याला लोक हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. नरेश फर्नांडिसचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ वाचलंस की ही सगळी मंडळी भेटतील. आजीकडे मात्र तासभर सवड काढूनच फोन कर. ती गाणी म्हणायला लागली की मध्ये बोललेलं तिला खपत नाही.

तुझी,
नीलूमावशी