बोटीवरचे एरियल : निवड आणि जोडणी

मिरकरवाडा, साखरी नाटे, हर्णै, जयगड या बंदरांत आपल्या अनेक बांधवांचा उदरनिर्वाह बोटीवर चालतो. ज्यांचा धंदा समुद्राचा नाही अशा पेठेतल्या दुकानदारांचीही बोटीत भागी असते. प्रस्तुत लेखक मूळचा कापडाचा व्यापारी. पण भागीदारीत पैसा गुंतला की माणूस इंजिन, जाळे, बर्फ, डिझेल अशा सगळ्याच गोष्टींची चौकशी करू लागतो. त्या चौकशीत एक गोष्ट ध्यानात आली. वायरलेस सेट घेताना मालक चार दुकाने फिरतो, घासाघीस करतो, आणि एरियल व केबल मात्र दुकानदार देईल ती उचलतो. सेट चांगला असून आवाज पोहोचत नाही ही तक्रार बहुतेक वेळा येथूनच सुरू होते.

पूर्वीचे सेट फक्त बोलण्याचे होते. आता त्यांत डिजिटल काम आले आहे. सेटवर झाकणाखाली लाल बटन असते. ते दाबून धरले की बोटीचा नऊ अंकी क्रमांक (आपल्या देशाचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो) आणि जीपीएस जोडलेला असल्यास बोटीची जागा, हे चॅनल ७० वर आपोआप जाते. आसपासच्या तशा सर्व सेटांवर घंटा वाजते. दुसरे यंत्र एआयएसचे. ते बोटीचे नाव, ठिकाण व वेग ठराविक अंतराने पाठवीत राहते, म्हणजे रात्री मोठ्या जहाजाला आपली बोट पडद्यावर दिसते. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर २० मीटरपेक्षा लांब बोटींना हे यंत्र सक्तीचे झाले. लहान बोटींवरही ते बसविता येते.

येथे एक बारीक गोष्ट आहे आणि सगळ्या लेखाचे सार तीच आहे. बोलण्यात एरियल कमजोर असले तर खरखर ऐकू येते, तांडेल समजतो की काही बिघडले, शिवाय माणसाचा कान अर्धवट शब्दावरून मतलब काढतो. डिजिटल संदेशाला ही सवलत नाही. तो पूर्ण पोहोचतो, नाहीतर मुळीच पोहोचत नाही. एरियल खराब असूनही आपल्या बोटीवर सगळे दिवे लागलेले असतात, पडदा चालू असतो, आणि समोरच्या जहाजाला आपण दिसत नसतो. २०१७ च्या ओखी वादळात केरळ व तामिळनाडूच्या कितीतरी बोटी वाहत येऊन देवगड बंदरात आसऱ्याला लागल्या. कित्येक खलाशी परतलेच नाहीत. खोल समुद्रात मोबाईल चालत नाही, हे तेथे जाणाऱ्यांना सांगायला नको.

आता निवडीकडे वळू. चॅनल १६ ची फ्रिक्वेन्सी १५६.८ मेगाहर्ट्‌झ आहे. ३०० ला या आकड्याने भागले की लहरीची लांबी निघते, सुमारे १.९१ मीटर. तिची अर्धी ९६ सेंटिमीटर. म्हणून चांगले साधे सागरी एरियल जवळपास एक मीटरचे असते. मोटारीच्या टपावरचे अर्ध्या मीटरचे एरियल स्वस्त मिळते, पण त्याला खाली लोखंडी पत्र्याची साथ लागते. लाकडी किंवा फायबरच्या बोटीवर ती साथ नाही. तेव्हा एरियल सागरी कामाचे व खाली पत्रा न लागणारेच मागावे.

दुकानदार ३ डीबी, ६ डीबी, ९ डीबी असे आकडे सांगतो आणि मोठा आकडा म्हणजे चांगला माल असे गिऱ्हाइकाला वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. एरियल नवी ताकद निर्माण करीत नाही. वर आणि खाली जाणारी ताकद दाबून ती आडवी पसरविते. आकडा जितका मोठा तितका हा पट्टा पातळ. बोट डोलली की पातळ पट्टा एकदा आकाशात व एकदा पाण्यात जातो. आपल्या ट्रॉलर आणि लहान यांत्रिक बोटी लाटेत चांगल्याच डोलतात, त्यांना ३ डीबीचे एरियल उंचावर लावलेले बरे. मोठ्या, स्थिर बोटीला ६ डीबीचे, साधारण अडीच मीटर लांबीचे चालेल. ९ डीबीच्या नादी मच्छीमाराने लागू नये.

उंची हा खरा सौदा आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीची गोलाई आड येते. हिसाब सोपा आहे : एरियलची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे व ४.१ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. समोरच्याचेही तसेच काढून दोन्हींची बेरीज करावी. केबिनवर ४ मीटरवर एरियल असेल तर ८.२ किलोमीटर, दोन्ही बोटी तशाच असतील तर सुमारे १६. तीच एरियले डोलकाठीवर ९ मीटरवर नेली तर जवळपास २५. सेट तोच, २५ वॅटचा. हातातला ५ वॅटचा सेट जवळ जरूर असावा, पण तो छातीच्या उंचीवर असतो हे विसरू नये.

उंचीबरोबर केबल वाढते आणि येथे कापडवाल्याला बोलायचा हक्क आहे. या केबलच्या आत मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरे प्लॅस्टिक, त्यावर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी आणि वर काळे आवरण असते. ही जाळी म्हणजे विणलेले कापडच. जसा झिरझिरीत माल हातात घेतला की आरपार दिसतो, तशी स्वस्त केबलची जाळी विरळ असते. बोटाने सरकविली की खालचे पांढरे दिसते. चांगल्या केबलची वीण घट्ट असते व पांढरे जवळजवळ दिसत नाही. कापडाचे धागे मोजण्याचे आपले भिंग येथेही उपयोगी पडते. दुकानात एक टोक सोलून पाहिल्याशिवाय केबल घेऊ नये. समुद्रासाठी तारांवर कथलाचा मुलामा असलेली, म्हणजे पांढरट दिसणारी जाळी घ्यावी. लालसर उघडे तांबे खाऱ्या हवेत काळे पडते आणि तो काळेपणा आवरणाखाली हातभर आत चढतो.

केबल ५० ओहमचीच हवी. टीव्हीची केबल ७५ ओहमची असते व तिच्यासारखीच दिसते, म्हणून आवरणावरील अक्षरे वाचून घ्यावीत. बारीक आरजी-५८ केबलच्या १० मीटरमध्ये सुमारे २ डीबी जातात, म्हणजे २५ वॅटपैकी १६ वॅटच वर पोहोचतात. जाड आरजी-२१३ मध्ये तेवढ्याच लांबीला सुमारे २० वॅट पोहोचतात. लहान एआयएस यंत्राची ताकदच २ वॅट असते. तेथे बारीक केबल वापरणे म्हणजे कमाई दलालीत घालविणे होय.

जोडणीचे काम पावसाळी बंदीत, बोट वर ओढलेली असताना करून घ्यावे. एरियल डोलकाठीच्या शेंड्यावर, लोखंडी दोरखंडांपासून मोकळे असावे. बाजूला लावावे लागले तर लोखंडापासून एक मीटर तरी दूर. बोलण्याचे व एआयएसचे एरियल वेगवेगळे ठेवून एक खाली, एक वर असे लावणे उत्तम. शेजारी शेजारी लावायची तर जितके अंतर मिळेल तितके द्यावे. उपग्रहाच्या ट्रान्सपॉन्डरला मात्र फक्त डोक्यावरचे आकाश मोकळे लागते, उंचीचा त्याला काही फायदा नाही. केबिनमध्ये शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथून गळून जाते. केबलला काटकोनात मुरडू नये.

पीएल-२५९ हा जो जोड सर्रास वापरतात तो पाणी अडवीत नाही. त्यात जाळी नीट डाख द्यावी, आणि वरून स्वतःशीच चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी. साधी विजेची काळी चिकटपट्टी एका उन्हाळ्यात सुटते. बंदरात डाख देण्याचे काम करणारे आपले रेडिओ मेकॅनिक आहेत, त्यांनी या एका जोडात हात बसविला तर बारमाही काम मिळेल.

काम झाल्यावर एसडब्ल्यूआर मीटर लावून पाहावे. १.५ पर्यंत आकडा असेल तर ठीक, ३ आला तर पाव ताकद परत येते आहे असे समजावे. मात्र यात एक फसवणूक आहे. केबलमध्ये पाणी शिरले असेल तर परत येणारी ताकदही वाटेतच मरते आणि केबिनमधल्या मीटरवर आकडा सुंदर दिसतो. म्हणून मेकॅनिकला एकदा वर, एरियलच्या बुडाशी मीटर लावायला सांगावे. मल्टिमीटरने तपासणारे आणखी एका ठिकाणी चुकतात : काही एरियलांत मधली तार व बाहेरचा भाग आतून मुद्दाम जोडलेले असतात. तेथे शॉर्ट दिसले म्हणून एरियल फेकून देऊ नये, खरेदी करतानाच दुकानदाराला विचारून ठेवावे.

एरियल काढलेले असताना सेटचे बोलण्याचे बटन दाबू नये, सेट जळू शकतो. आवाजाची चाचणी चॅनल १६ वर लांबवू नये, दुसऱ्या चॅनलवर ओळखीच्या बोटीशी करावी. लाल बटन चाचणीसाठी कधीच दाबू नये. डोलकाठी मोडली तर एरियल तिच्याबरोबर जाते, म्हणून जोड लावलेले एक छोटे जादा एरियल केबिनमध्ये ठेवावे आणि ते कसे बदलायचे हे तांडेलाखेरीज निदान एका खलाशालाही दाखवून ठेवावे. किनाऱ्यावर घरच्यांकडे तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक व बोटीचा नऊ अंकी क्रमांक लिहिलेला असावा.