जमीन-घर व्यवहारातील मध्यस्थ आणि अल्पखर्ची प्रसिद्धी

शेतजमीन, भूखंड किंवा राहते घर यांचा व्यवहार सर्वसामान्य कुटुंबाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा होतो. निवृत्त शिक्षकाच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, लहान शेतकऱ्याच्या बांधालगतची चार गुंठे जमीन, परगावी नोकरी करणाऱ्या मुलाने घरी पाठविलेली शिल्लक असे सारे या एका व्यवहारात गुंतलेले असते. असे असूनही विकणारा व घेणारा यांची गाठ घालून देणाऱ्या मध्यस्थाकडे आपल्या समाजाने आजवर काहीशा संशयानेच पाहिले आहे. ‘दलाल’ हा शब्द आपण ज्या स्वरात उच्चारतो, त्यातच हा संशय पुरेसा व्यक्त होतो.

दुसऱ्या बाजूने पाहता, तालुक्याच्या गावी हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या सुशिक्षित तरुणाची अडचणही खरी आहे. मोठ्या शहरांतील संस्था हमरस्त्यावर प्रचंड फलक उभारतात, वृत्तपत्रांची पूर्ण पाने विकत घेतात. याच्यापाशी एक दुचाकी, एक भ्रमणध्वनी आणि भाड्याचा एखादा गाळा, एवढेच भांडवल असते. त्याने लोकांपर्यंत पोहोचावे कसे? या प्रश्नाचे उत्तर खर्चाच्या आकड्यात शोधण्यापेक्षा ग्राहकाच्या गरजेत शोधणे अधिक फलदायी ठरते. ग्राहकाला विशेषणे नको असतात. त्याला माहिती हवी असते, आणि तीही पैसे देण्यापूर्वी. ही माहिती जो मध्यस्थ आधी व विनामूल्य पुरवितो, त्याला प्रसिद्धीवर फार खर्च करावा लागत नाही.

नोंदणीची चौकट

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णांशाने अंमलात आला. नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका अथवा भूखंड विकून देणाऱ्या मध्यस्थाने महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजेच ‘महारेरा’कडे, नोंदणी करणे या कायद्याने बंधनकारक आहे. ही नोंदणी पाच वर्षांसाठी असते, आणि २०२३ पासून तीसाठी प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक केलेली आहे. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री करून देण्यास मध्यस्थाला मनाई आहे. जुन्या घराची पुनर्विक्री किंवा शेतजमिनीचा व्यवहार या कायद्याच्या कक्षेत येत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. तालुका पातळीवरील बहुसंख्य व्यवहार याच प्रकारचे असल्याने तेथे ग्राहकाचे संरक्षण मध्यस्थाच्या सचोटीवर व कागदपत्रांवरच अवलंबून राहते.

नोंदणी क्रमांक हे प्रसिद्धीचे पहिले आणि फुकटचे साधन होय. पाटीवर, ओळखपत्रिकेवर, पावतीवर तो ठळकपणे छापावा. कोणत्याही ग्राहकाला तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. ‘वीस वर्षांचा विश्वास’ अशा वाक्याला तशी पडताळणी नाही.

कागदपत्रांची संचिका

ज्या मालमत्तेची जाहिरात करावयाची, तिची एक संचिका प्रथम तयार करावी आणि मगच जाहिरातीचा विचार करावा, असा क्रम ठेवल्यास बरेच अनर्थ टळतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा ऑनलाइन मिळतो व त्यास १५ रुपये शुल्क पडते. गावठाणातील वा नगर भूमापन झालेल्या मिळकतीसाठी मिळकत पत्रिका पाहावी लागते. पूर्वीच्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. फेरफाराची नोटीस कोणत्या टप्प्यावर आहे, ते ‘आपली चावडी’ या सुविधेवरून कळते. हे सर्व एकत्र करण्यास एखाद्या दिवसाचे श्रम आणि किरकोळ रक्कम लागते. एका छापील फलकाच्या खर्चात अशा कितीतरी संचिका तयार होतील.

परंतु उतारा काढणे आणि तो वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना सर्वांत आधी वाचावयाचा असतो. सोसायटीचा अथवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, वाटपाचा वाद यांच्या खुणा तेथे सापडतात. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती हस्तांतरित करता येत नाही. घेणारा शेतकरी नसल्यास कुळवहिवाट कायद्यांतील निर्बंध आड येतात; आदिवासी खातेदाराच्या जमिनीबाबत तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत स्वतंत्र तरतुदी आहेत. हे सारे मध्यस्थाने ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगितले, तर काही व्यवहार तेथेच मोडतील हे खरे. मात्र ज्याचा व्यवहार मोडला, तोच मनुष्य पुढे दहाजणांना त्या मध्यस्थाचे नाव सांगतो, असा अनुभव या व्यवसायातील जुनी माणसे सांगतात.

येथे एका विशिष्ट प्रकाराविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. शहरांच्या परिघावरील गावांतून ‘एक गुंठा, स्वतंत्र सातबारा, सुलभ हप्ते’ अशा जाहिराती सर्रास आढळतात. समजा, चाळीस गुंठ्यांचा, म्हणजे एक एकराचा, एक गट आहे. त्यावर चुन्याने रेघा आखून तीस-पस्तीस भूखंड दाखविले जातात. प्रत्यक्षात दहा-बारा खरेदीदारांच्या नावे एकच सामाईक खरेदीखत होते आणि सर्वांची नावे एकाच सातबाऱ्यावर येतात. आपले नाव उताऱ्यावर पाहून खरेदीदाराचे समाधान होते. परंतु त्या क्षेत्रात आपला गुंठा नेमका कोणता, हे कोणत्याही शासकीय नकाशावर दाखविलेले नसते. मंजूर रेखांकन नसल्याने बांधकामास परवानगी मिळत नाही, बँक सहसा कर्ज देत नाही, विकावयास जावे तर पुढचा घेणारा तीच अडचण काढतो. एका सहधारकाने बांध घातला, की उरलेल्यांचे भांडण दिवाणी न्यायालयात जाते. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे आणि त्यात वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत. तेव्हा त्या गावापुरती आज काय स्थिती आहे, ते तहसील कार्यालयात विचारूनच पुढे जावे. अशा भूखंडांची विक्री करून मध्यस्थाला चटकन दलाली मिळते. त्याच गावात पुन्हा व्यवसाय करावयाचा असेल, तर मात्र ही दलाली फार महाग पडते.

जाहिरातीचा मजकूर

जिल्हा आवृत्तीतील चार ओळींची छोटी जाहिरात आजही स्वस्त व परिणामकारक आहे. तीत काय लिहावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. ‘निसर्गरम्य परिसरात आलिशान घर’ या शब्दांतून वाचकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी पुढील नमुना पाहावा:

‘घर विकणे आहे. बसस्थानकापासून १.२ किलोमीटर. पहिला मजला, चटई क्षेत्र ५४० चौरस फूट. बांधकाम २००९. नळाचे पाणी एक दिवसाआड, विंधन विहीर आहे. मिळकत पत्रिका, सूची क्रमांक दोन व भोगवटा प्रमाणपत्र कार्यालयात पाहावयास मिळेल. दलाली एक टक्का.’

पाणी एक दिवसाआड येते, हे जाहिरातीत लिहिणे अनेकांना व्यवसायाला मारक वाटेल. पण घर पाहावयास येणारा ते पहिल्याच भेटीत शेजाऱ्याकडून ऐकणारच असतो. आधी सांगितल्याने निरर्थक फेऱ्या वाचतात, आणि उरलेल्या मजकुरावर विश्वास बसतो. क्षेत्रफळाचेही तसेच आहे. जिना, व्हरांडा मिळवून ५४० फुटांचे घर साडेसातशेचे म्हणून सांगण्याची पद्धत होती. २०१६ च्या कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केल्यावर तिला आधार उरलेला नाही. अंतर मिनिटांत न देता किलोमीटरमध्ये द्यावे, कारण ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ ही कोणाच्या वाहनाने मोजली, ते सांगता येत नाही. शेतजमीन असेल, तर विहिरीला मे महिन्यात पाणी किती असते आणि पावसाळ्यात गाडी बांधापर्यंत जाते काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मजकुरातच असावीत.

‘प्रस्तावित’ या शब्दापासून तर मध्यस्थाने दूरच राहावे. प्रस्तावित रस्ता, प्रस्तावित मंजुरी, प्रस्तावित औद्योगिक वसाहत! जे झालेले नाही, त्याची किंमत ग्राहकाने आज द्यावी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ असतो. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा क्रमांक व संकेतस्थळाचा पत्ता देणे बंधनकारक असून १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड छापणेही आवश्यक आहे. खोट्या जाहिरातीवर विसंबून रक्कम भरणाऱ्यास कायद्याच्या कलम १२ खाली प्रवर्तकाकडून भरपाई मागता येते.

पाटी, भाड्याची घरे आणि शंभर पानी वही

मालकाच्या संमतीने त्याच्याच कुंपणाच्या आत लावलेली ‘विकणे आहे’ ही पाटी सर्वांत स्वस्त जाहिरात होय. रस्त्याने जाणारा मनुष्य मालमत्ता डोळ्यांनी पाहतच असतो. त्याला केवळ क्षेत्र, दूरध्वनी क्रमांक व कागदपत्रे तयार असल्याची सूचना हवी असते. विजेच्या खांबांवर पत्रके चिकटविणे आणि झाडांना खिळे ठोकून फलक लावणे मात्र कटाक्षाने टाळावे. सार्वजनिक ठिकाणे विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे, आणि गाव घाण करणाऱ्याकडे घर मागावयास लोक नाखुशीनेच जातात.

पाटी लावण्यापूर्वी मालकाकडून लेखी अधिकारपत्र घ्यावे. एकच घर पाच मध्यस्थ पाच किमतींना सांगत फिरू लागले, की घेणाऱ्याला मालक अडचणीत आहे असे वाटते व भाव पडतो. अधिकारपत्रात अपेक्षित किंमत, मुदत आणि दलालीचा दर नमूद असावा. महाराष्ट्रात प्रचलित दर एक ते दोन टक्के आहे; तो आधी न बोलल्यामुळे होणारी भांडणे व्यवहाराच्या दिवशी निबंधकाच्या दारात ऐकू येतात.

भाड्याच्या घरांकडे बहुतेक मध्यस्थ तुच्छतेने पाहतात, कारण त्यात मिळकत थोडी असते. प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच प्रसिद्धीची मोठी संधी दडलेली आहे. मे-जून हा बदल्यांचा हंगाम. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, बँकेचे कर्मचारी नव्या गावी येतात. शाळा सुरू होण्यापूर्वी त्यांना घर हवे असते व गावात त्यांच्या ओळखीचे कोणी नसते. पंचायत समिती व शाळांच्या परिसरातील रिकाम्या खोल्यांची यादी मार्चपासूनच तयार ठेवावी. भाडे, अनामत रक्कम, पाण्याची वेळ, दुचाकी ठेवण्याची जागा एवढ्या बाबी तीत पुरेत. लीव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असावा, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सांगतो. तो ऑनलाइन करून देण्यास मदत करावी. ज्याने पहिल्या दिवशी डोक्यावर छप्पर मिळवून दिले, त्याचे नाव मनुष्य विसरत नाही. तीन-चार वर्षांनी तेथेच स्थायिक व्हावयाचे ठरले, की पहिला निरोप त्यालाच जातो.

कोणत्या प्रसिद्धीचा उपयोग झाला, हे अंदाजाने ठरवू नये. चौकशीस आलेल्या प्रत्येकास ‘आपणास कोठून समजले?’ असे विचारून उत्तर एका शंभर पानी वहीत टिपावे. सहा महिन्यांत वृत्तपत्र, पाटी, जुना ग्राहक व भ्रमणध्वनी यांचा हिशेब समोर येतो आणि निरुपयोगी खर्च आपोआप बंद करता येतो.

भ्रमणध्वनीचा उपयोग

गूगलच्या नकाशावर आपल्या कार्यालयाची नोंद करण्यास काही पडत नाही. घराचे दोन मिनिटांचे चित्रीकरण करून ते इच्छुकास व्हॉट्सॲपवर धाडले, तर मुंबईस किंवा आखातात नोकरी करणाऱ्या गावकऱ्यासही घर पाहता येते. चित्रीकरणात ओल आलेली भिंत वगळू नये. अनोळखी क्रमांकांवर सरसकट संदेश व दूरध्वनी करणे मात्र दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या विनियमांखाली तक्रारीस पात्र ठरू शकते. शिवाय त्याने माणसे जोडली जाण्याऐवजी त्रासतात. ज्यांनी आपण होऊन क्रमांक दिला, त्यांचीच यादी बाळगावी. खरेदीचा एकूण खर्च दाखविणारे एक पान या मंडळींना पाठविणे उपयुक्त ठरते. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकिलाचे शोध शुल्क, मोजणी फी यांचा त्यात समावेश असावा. महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे, ही माहिती अनेक कुटुंबांना दस्त झाल्यावर कळते.

पंचायत, शिक्षक आणि कर्मचारी

मध्यस्थाला फुकट प्रसिद्धीचे आणखी एक साधन उपलब्ध असते, ते म्हणजे गावातील प्रतिष्ठित व्यक्तीचा शब्द. ‘गुरुजींनी घेतला आहे’, ‘सरपंचांनी पाहिला आहे’ एवढे म्हटले, की भूखंड खपतात. काही ठिकाणी या शब्दाबद्दल दलालीतील वाटाही दिला जातो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्यास पूर्वमान्यतेवाचून खासगी व्यापार करता येत नाही; नातेवाइकाच्या धंद्यासाठी शिफारस करणेही त्यात बसत नाही. तेव्हा कोणी नाव वापरीत असेल, तर त्यास वेळीच व लेखी हरकत घ्यावी.

पंचायत सदस्यांनी दोन गोष्टी ग्रामसभेत स्पष्ट करावयास हव्यात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे; त्याने मालकी सिद्ध होत नाही. तसेच गावठाणाबाहेर भूखंड पाडण्याच्या रेखांकनास मंजुरी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस नाही, मग जाहिरातीत तिचा ठराव क्रमांक छापलेला असला तरीही. ज्या गावांत स्वामित्व योजनेखाली गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या गेल्या आहेत, तेथील घरांची खरेदी-विक्री त्या पत्रिकेवरच व्हावी. या दोन बाबी मोठ्या अक्षरांत लिहून कार्यालयाच्या भिंतीवर लावण्यास एक कागद आणि थोडी शाई पुरते.