आले आणि सुंठ

एखादे संकट काही उपाय न करताच टळले, म्हणजे 'सुंठीवाचून खोकला गेला' असे म्हणतात. खोकला झाला की सुंठ द्यावयाची, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर इतकी ठाऊक होती की, तिची म्हणच होऊन बसली. पण सुंठ खरोखरच गुणकारी आहे, की हा केवळ लोकांचा समज आहे?

सुंठ म्हणजे वाळविलेले आले. आले जमिनीखाली वाढते, म्हणून पुष्कळांना ते मूळ वाटते. वस्तुतः ते त्या झाडाचे खोड होय. बटाट्याप्रमाणे त्यालाही डोळे असतात व त्यांतून नवे कोंब फुटतात. आल्याला बी सहसा धरत नाही. म्हणून शेतकरी कंदाचे तुकडेच बेणे म्हणून लावतो. सातारा जिल्ह्यात हे पीक मोठ्या प्रमाणावर घेतात. उन्हाळ्यात लावलेले आले आठनऊ महिन्यांनी, पाने पिवळी पडून वाळू लागली म्हणजे, काढावयास येते. या पिकाला पाणी पुष्कळ लागते. परंतु साचलेले पाणी त्याला मुळीच खपत नाही. पाणी तुंबले की कंद कुजतो आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. म्हणून आले उंच वाफ्यांवर लावतात.

ओल्या कंदाला संस्कृतात 'आर्द्रक' म्हणतात. आर्द्र म्हणजे ओले. त्यावरूनच 'आले' हा शब्द आला. कंद खरवडून उन्हात चांगला वाळविला म्हणजे त्याची सुंठ होते. आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल नावाच्या द्रव्यामुळे असतो. वाळताना त्याचा काही भाग बदलतो आणि शोगॉल हे अधिक तिखट द्रव्य तयार होते. म्हणून चिमूटभर सुंठही जिभेला चांगलीच झोंबते.

स्वयंपाकघरात या दोघांची कामे जणू वाटलेली आहेत. चहात, वाटणात व आलेपाकात ओले आले लागते. आमरसावर भुरभुरावयास आणि रामनवमीच्या सुंठवड्यात सुंठ लागते. सुंठ, मिरी व पिंपळी या तिघींना आयुर्वेदात 'त्रिकटू' असे नाव आहे.

आल्याच्या गुणांची शास्त्रज्ञांनीही परीक्षा घेतली आहे. डेन्मार्क देशात केलेला असा एक प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाला. खवळलेल्या समुद्राची सवय नसलेले ८० नौसैनिक विद्यार्थी त्यासाठी निवडले होते. काहींना १ ग्रॅम सुंठीची पूड दिली. इतरांना आल्याचा अंशही नसलेली पूड दिली. आपल्याला कोणती पूड मिळाली, हे त्यांना कळू दिले नाही. मग चार तासपर्यंत दर तासाला प्रत्येकाच्या प्रकृतीची नोंद केली. सुंठ घेतलेल्यांना उलट्यांचा व थंड घामाचा त्रास कमी झाला. प्रवासातील मळमळीवर पुढे झालेल्या सर्वच प्रयोगांत मात्र असा गुण दिसला नाही. म्हणून एकाच प्रयोगावर न थांबता शास्त्रज्ञ पुनःपुन्हा पडताळा घेतात.

मग खोकल्याचे काय? आल्याचा गरम काढा घेतल्याने घशाला आराम वाटतो, यात शंका नाही. साध्या पडशाचा खोकला बहुधा काही दिवसांत आपोआप बरा होतो व सुंठ तेवढे दिवस सुसह्य करते. परंतु प्रत्येक खोकला साधा नसतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला क्षयाचाही असू शकतो. क्षयाच्या जंतूंचा नाश सुंठीने होत नाही. त्यासाठी थुंकीची तपासणी करावी लागते व डॉक्टरांनी दिलेली औषधे ठरलेल्या मुदतीपर्यंत न चुकता घ्यावी लागतात. हे उपचार सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. अशा वेळी घरच्या काढ्यावर विसंबून राहणाऱ्याचा आजार वाढतो आणि घरातील इतरांनाही त्याची बाधा होण्याचा संभव असतो.

आल्याचाही अतिरेक बरा नव्हे. फार आले खाल्ल्याने छातीत जळजळ होते. रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध म्हणून सुंठ घेऊ नये.

आजीच्या बटव्यातील सुंठीचे मोल याने कमी होत नाही. घसा खवखवला, तर तिचा काढा जरूर घ्यावा. पण खोकला मुक्कामच ठोकून बसला, तर दवाखान्याची वाट धरावी. सुंठीचा गुण ओळखावा, तशीच तिची मर्यादाही ओळखावी.