कळफलकाचा फोकस : क्रम आणि प्रवेश

संगणकाच्या पडद्यावर कितीही रकाने आणि बटणे असली, तरी दाबलेली कळ एका वेळी त्यांपैकी एकाच घटकाकडे जाते. त्या घटकावर ‘फोकस’ आहे, असे म्हणतात. टॅब दाबल्यास तो पुढे सरकतो, शिफ्टसह टॅब दाबल्यास मागे येतो.

वसतिगृहाच्या प्रवेशनोंदीचा फॉर्म उदाहरणादाखल घेऊ. त्यात नाव, जन्मतारीख, गाव हे रकाने आणि ‘जतन करा’ हे बटण आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फॉर्म्समध्ये फोकसचा क्रम ‘टॅबइंडेक्स’ या आकड्यावरून ठरतो. मागाहून घातलेल्या ‘तालुका’ या रकान्यास शेवटचा आकडा मिळतो. तो पडद्यावर गावाशेजारी दिसतो खरा; परंतु ‘नृसिंहवाडी’ लिहून टॅब दाबताच फोकस बटणावर जातो. तेथे एंटर दाबल्यास ‘शिरोळ’ न लिहिताच अपुरी नोंद जतन होते. म्हणून रकाना वाढविल्यावर आकडे पुन्हा लावावेत.

फॉर्म उघडताच फोकस नावाच्या रकान्यात असावा. ‘लोड’च्या वेळी फॉर्म अद्याप दिसत नसल्याने तेथे ‘फोकस’ ही आज्ञा निष्फळ ठरते. त्याऐवजी ‘ॲक्टिव्हकंट्रोल’मध्ये तो रकाना नेमावा. जन्मतारीख चुकल्यास संदेश देऊन फोकस त्याच रकान्यात ठेवावा. मात्र चूक सुधारेपर्यंत बाहेर पडण्याचा मार्गच बंद होऊ नये, यासाठी ‘रद्द करा’ या बटणाचा ‘कॉजेसव्हॅलिडेशन’ हा गुण ‘फॉल्स’ ठेवावा.

डोळसांना ही केवळ सोय वाटेल. अंध व्यक्तीला मात्र माऊसचा बाण दिसत नाही. तिचा सारा प्रवास टॅबवरून होतो. ऑस्ट्रेलियात २००६ साली मायकेल करन यांनी सुरू केलेली एनव्हीडीए ही मोफत वाचक-प्रणाली फोकस असलेल्या घटकाचे नाव मोठ्याने सांगते. क्रम विस्कळीत असेल, तर तिला फॉर्मही विस्कळीतच ऐकू येतो आणि अर्ज भरण्यासाठी दुसऱ्याचा हात धरावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने माहिती-तंत्रज्ञानातील सुगमता ही शासनाची जबाबदारी मानली आहे. संविधानातील समतेचे तत्त्व शिकविणाऱ्या शाळेत हा धडा संगणकाच्या तासालाही शिकविला पाहिजे.

स्वाध्याय : आपण तयार केलेला फॉर्म माऊस बाजूला ठेवून, केवळ कळफलकावरून पूर्ण भरा. जेथे अडाल, ती जागा वहीत नोंदवा व दुरुस्त करा.