डिस्चार्ज बुकात राहून गेलेली पदके

निवृत्त जवानाच्या पदकांची नोंद दोन ठिकाणी असते: त्याच्या हाती दिलेल्या डिस्चार्ज बुकात आणि रेकॉर्ड ऑफिसात जपलेल्या शीट रोलमध्ये. दोन्हींचा उगम एकच, तो म्हणजे पार्ट टू ऑर्डर. लग्न, मुलाचा जन्म, बढती हे सारे जसे या ऑर्डरने कागदावर चढते, तशीच पदकाची पात्रताही चढते. ऑर्डर निघालीच नाही, किंवा निघूनही शीट रोलवर उतरली नाही, तर पदक छातीवर असूनही सरकारदरबारी नसते.

बहुतेक अर्ज फसतात ते हे न ओळखल्यामुळे. अर्जदार लिहितो, ‘माझे पदक मिळावे.’ क्लार्क शीट रोल उघडतो, नोंद सापडत नाही, आणि ‘नोंदीनुसार पात्र नाही’ असे एका ओळीचे उत्तर धाडतो. ते उत्तर कितीही झोंबले, तरी त्याच्यापुढच्या कागदाप्रमाणे ते बरोबर असते. म्हणून आधी नोंद मागावी. नोंद दुरुस्त झाली की पदकाची मागणी उभी राहते.

नोंदी सुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मोहीम चालू असताना बदली झालेला, जखमी होऊन इस्पितळात गेलेला आणि तिथून दुसऱ्याच युनिटात पोचलेला, राष्ट्रीय रायफल्समध्ये काही काळ काढून मूळ रेजिमेंटमध्ये परतलेला, अशा जवानाची ऑर्डर कोणी काढायची यावर दोन्ही युनिटे एकमेकांकडे बोट दाखवतात. पदकांची घोषणा मोहीम संपल्यावर होते. तोवर घरी गेलेला माणूस यादीतून निसटणे सोपे असते.

आपल्याला काय मिळायला हवे होते, हे आधी ताडून पाहावे. काही पदके केवळ सेवेच्या वर्षांवर मिळतात: नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची पदके ही त्यांपैकी. काही पदके एका दिवसाशी बांधलेली आहेत: 15 ऑगस्ट 1972 ला सेवेत असणाऱ्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक, 15 ऑगस्ट 1997 ला असणाऱ्यांना पन्नासाव्याचे. या दोन गटांत वादाला जागाच नाही, भरतीची आणि निवृत्तीची तारीख पुरते. खरी गुंतागुंत जागेवर अवलंबून असलेल्या पदकांत आहे. 1965 च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, 1971 साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. ढोबळ मानाने, स्टार प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असणाऱ्याला आणि मेडल त्या काळात सेवेत किंवा तैनातीवर असणाऱ्याला. त्यामुळे ‘मीही त्या युद्धात होतो’ एवढे म्हणून स्टार मिळत नाही. युनिट कुठे होते आणि आपण त्या दिवसांत युनिटबरोबर होतो का, हे दोन्ही दाखवावे लागते.

गोव्याच्या मोहिमेबाबत तर घरोघरी गोंधळ आहे. डिसेंबर 1961 ची कारवाईही ‘ऑपरेशन विजय’ आणि 1999 ची कारगिलचीही ‘ऑपरेशन विजय’. नातू आजोबांसाठी अर्ज लिहितो आणि ऑपरेशन विजय मेडल मागतो. ते तर कारगिलचे. गोव्यासाठी जनरल सर्व्हिस मेडल 1947 हे पदक आणि त्याच्या रिबनवर ‘गोवा 1961’ हा क्लॅस्प, अशी व्यवस्था होती. हेच पदक लडाख 1962 किंवा नागा हिल्स अशा वेगळ्या क्लॅस्पनेही मिळत असे. म्हणून नोंदीत पदकाचे नाव आहे पण क्लॅस्प नाही, ही अर्धी नोंद समजावी आणि क्लॅस्पसाठी स्वतंत्र विनंती करावी.

शौर्यपदकांत चुकीची किंमत पैशांत मोजावी लागते. सेना मेडल पूर्वी एकच होते. 1999 पासून शौर्यासाठीचे आणि विशिष्ट सेवेसाठीचे अशी त्याची विभागणी झाली. शौर्यपदकाबरोबर मासिक भत्ता येतो, आणि महाराष्ट्र शासनही शौर्यपदकधारकांना अनुदान देते. डिस्चार्ज बुकात नुसते ‘सेना मेडल’ लिहिलेले असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातला माणूस पुढे काही करू शकत नाही. इथे पुरावा भारताच्या राजपत्राचा. पदक जाहीर झालेल्या अंकाची प्रत मिळवून अर्जाला जोडली की बाकी युक्तिवादाची फारशी गरज उरत नाही. सेनाध्यक्षांचे प्रशंसापत्र, म्हणजे कमेंडेशन कार्ड, हे मात्र पदक नव्हे; ते पदकांच्या रांगेत मागू नये.

अर्जापूर्वी घरातले पदक भिंगाखाली धरून पाहावे. सरकारने दिलेल्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. बाजारातून घेतलेल्या पदकाची कड कोरी असते. पदके वेळेवर येत नसल्याने कित्येकांनी छावणीबाहेरच्या दुकानातून ती विकत घेतली, त्यात गैर काही नाही, पण पुरावा म्हणून ती चालत नाहीत. कडेवरचे नाव रोमन लिपीत असते, आणि तिथे मराठी आडनावांची दैना होते. पवारचे तीन-तीन स्पेलिंग, मधले वडिलांचे नाव कुठे आहे, कुठे नाही. पदकावरचे, डिस्चार्ज बुकातले आणि पेन्शनच्या कागदावरचे नाव जुळत नसेल तर आधी नावाची दुरुस्ती करून घ्यावी, नाहीतर पुढचा प्रत्येक अर्ज तिथेच अडतो.

अर्ज आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो: मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बेळगावला, महारचा सागरला, तोफखान्याचा नाशिक रोडला. त्यात नंबर, हुद्दा, ट्रेड, भरती आणि निवृत्तीच्या तारखा, त्या काळातले युनिट व ठिकाण लिहावे, आणि नेमकी कोणती नोंद कोणत्या आधारावर हवी ते एका परिच्छेदात सांगावे. युद्धाच्या आठवणी चार पाने लिहिल्याने अर्ज जड होतो, बळकट होत नाही. त्याच तुकडीतल्या सोबत्याच्या डिस्चार्ज बुकाची प्रत जोडावी. ती आपला हक्क सिद्ध करत नाही, पण युनिट पात्र होते हे दाखवते. मूळ डिस्चार्ज बुक कधीही टपालाने पाठवू नये. साक्षांकित प्रत पुरते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवल्यास त्याची आवक-जावक नोंद राहते, हा मोठा फायदा.

महिनोन्महिने उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात आपल्या शीट रोलची आणि संबंधित पार्ट टू ऑर्डरची प्रत मागावी. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. हा अर्ज जवानाने स्वतःच्या सहीने करावा. मुलाने वा पुतण्याने केला तर ‘त्रयस्थाची वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारला जाण्याची शक्यता असते. एवढे करूनही दाद लागली नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. खात्याकडे लेखी दाद मागितल्याचा पुरावा तिथे पहिल्याच दिवशी विचारला जातो, म्हणून टपालाच्या पावत्या फेकू नयेत.

ज्यांना पेन्शन नाही, त्यांना वेळ थोडा असतो. नियमाप्रमाणे बिनपेन्शनी जवानाची कागदपत्रे 25 वर्षांनंतर नष्ट केली जातात, आणि मग दुरुस्त करायला शीट रोलच उरत नाही. घरात असे कोणी असतील तर त्यांच्याकडून युनिट, ठिकाणे, तारखा आणि कंपनी कमांडरचे नाव लिहून घ्यावे आणि अर्ज याच महिन्यात टाकावा.